बिल्ला आणि खावटी

पोटगी या शब्दात पोट आहे, ही साधी गोष्ट कोर्टकचेरीत हयात घालवलेल्या आम्हा मंडळींच्या ध्यानातून केव्हाच निघून गेलेली असते. अर्जाच्या मथळ्यावर तो शब्द असतो, रोजनाम्यात असतो, पुकाऱ्यात ऐकू येतो, आणि रोजच्या हाताळणीने इतका गुळगुळीत होतो की त्याच्यामागे कोणाची तरी चूल थंड पडली आहे याची आठवण करून द्यायला प्रत्यक्ष ती बाईच दारात उभी राहावी लागते. माझ्या नेकनूर गावात या एका वस्तूला निदान पाच नावे आहेत आणि प्रत्येक नावाला आपापल्या काळाचा वास आहे. वतनदार घराण्यांतील विधवांना मिळे ते अन्नवस्त्र; लेकीबाळींच्या नावे काढून ठेवलेल्या तुकड्याचे उत्पन्न ती चोळीबांगडी; निजामी अमदानीच्या उर्दू दफ्तरातून उतरलेला आणि मोहल्ल्यांत अद्याप चालणारा शब्द नान-नफका; वकिलांच्या आणि पक्षकारांच्या तोंडची खावटी; आणि सरकारी मराठीतली पोटगी. एवढी नावे धारण करणारी ही वस्तू हातात मात्र क्वचितच पडते, आणि प्रस्तुत ग्रंथाचा विषय तिच्या या न पडण्याचाच आहे. ज्या बापावर लेकराच्या पोषणाचा हुकूम झाला, ज्याची ऐपत न्यायालयाने तपासली आणि तरीही जो एक पैसा देत नाही, त्याच्याकडील सरकारी परवाना, मग तो वाहन हाकण्याचा असो, धंद्याचा असो वा परदेशगमनाचा असो, तहकूब किंवा रद्द करावा काय, हा तो प्रश्न. मराठीत या प्रश्नावर स्वतंत्र ग्रंथ माझ्या पाहण्यात नाही. म्हणून लेखिकेने प्रस्तावनेची गळ घातली तेव्हा वयाची सबब पुढे करून सुटता येत असतानाही मी तसे केले नाही.

तसे न करण्याला एक जुने कारण आहे. नेकनूर हे मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बाजाराचे गाव. वारकऱ्यांना ते बंकटस्वामींच्या मठामुळे आणि शेतकऱ्यांना जनावरांच्या बाजारामुळे ठाऊक असते. वकिली सुरू करून मला चार-पाच वर्षे झाली होती, म्हणजे गेल्या शतकाचे शेवटचे दशक चालू होते. बाजाराच्या दिवशी माझी एक पक्षकार बाई चिंचेच्या बुडाशी मला गाठून उभी राहिली. साखरेच्या रिकाम्या पिशवीत आठ घड्या घातलेली हुकुमाची नक्कल होती. बाईला तीनशे आणि मुलीला दीडशे रुपये दरमहा देण्याचा तो हुकूम, आणि नऊ महिन्यांत त्यातला छदामही आलेला नव्हता. वसुलीचे वॉरंट तीनदा निघाले होते व तिन्ही वेळा 'मजकूर इसम गावी मिळून आला नाही' असा शेरा घेऊन परतले होते. मी तिला पुढची तारीख सांगू लागलो, तेव्हा तिने न बोलता हात लांब केला. पन्नास पावलांवर एक काळीपिवळी जीप बाजारकरी उतारू भरत होती, आणि खाकी सदरा घातलेला चालक दाराच्या कडीला धरून "मांजरसुंबा, बीड, मांजरसुंबा" असे ओरडत होता. "सायेब," ती म्हणाली, "समद्या बाजाराला त्यो दिसतोय, वारंटालाच तेवढा घावंना." मला हसू आले, आणि ते आल्याची शरम अजून गेलेली नाही. तेवढ्यात त्या सदऱ्यावरचा परिवहनखात्याचा पितळी बिल्ला उन्हात चमकला.

तो बिल्ला पुढे कित्येक दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. जो मनुष्य समन्सला, वॉरंटला, बेलिफाला कधी सापडत नाही, तोच दर तीन वर्षांनी (२०१९ च्या दुरुस्तीपासून दर पाच वर्षांनी) व्यावसायिक वाहनाच्या परवान्याचे नूतनीकरण करून घेण्यासाठी आपल्या पायांनी चालत, छायाचित्र चिकटवून, शुल्क भरून सरकारच्या एका कचेरीत हजर होतो. न्यायखात्याला जो मिळून येत नाही तो परिवहनखात्याला बिनचूक मिळून येतो. आणि ही दोन्ही खाती एकाच सरकारची असून एकमेकांना ओळखत नाहीत. परवाने रोखण्याच्या साऱ्या परदेशी कायद्यांचे बीज या एका निरीक्षणात आहे. ते कायदे अस्तित्वात आहेत हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. ते पुष्कळ वर्षांनी, याच लेखिकेकडून कळले.

नवागत वाचकाला या क्षेत्राची ओळख करून द्यायची तर थोडे मागे जाणे भाग आहे. आश्रितांच्या भरणपोषणाचे कर्तव्य आपल्याकडे इंग्रजांनी आणले, हा समज अर्धशिक्षितांचा आहे. विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' ज्या कल्याणीच्या चालुक्य दरबाराच्या आश्रयाने लिहिली गेली ते आजचे बसवकल्याण आमच्या मराठवाड्याच्या शिवेलगत आहे. आणि 'व्यवहारमयूख' लिहिणाऱ्या नीलकंठ भट्टाचे घराणे काशीस गेले ते आमच्या गोदाकाठच्या पैठणाहून. बायको, लेकरे आणि वृद्ध मातापिता यांचे पोषण हे पुरुषाच्या संपत्तीवरचे ओझे नसून त्या संपत्तीच्या आधीचे ऋण होय, हा विचार त्या परंपरेत पक्का आहे, आणि इस्लामी धर्मशास्त्रातही बापावरील लेकरांचा नफका असाच निरपवाद आहे. न्यून कर्तव्याच्या व्याख्येत कधीच नव्हते; ते वसुलीत होते. गोतसभा दंड करी, वाळीत टाकण्याचा धाक घाली. पण टाकलेल्या बाईच्या बाजूने गोत उभे राहिले अशी उदाहरणे शोधावी लागतात, आणि विरुद्ध बाजूने उभे राहिल्याची शोधावी लागत नाहीत.

इंग्रजी अमलात या कर्तव्याला फौजदारी कायद्यात जागा मिळाली ती मात्र करुणेपोटी नव्हे. १८७२ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचा कर्ता जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने या तरतुदीकडे पाहिले ते भटकेगिरी आणि तिचे दुष्परिणाम टाळण्याचा उपाय म्हणून. उपाशी बाई व पोरे रस्त्यावर आली तर बंदोबस्ताला बाध येईल, एवढाच तो विचार. १८९८ च्या संहितेत हेच ४८८ वे कलम होते. आमचा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे हे कलम आमच्यापर्यंत पोचायला पोलीस कारवाईनंतरही काही काळ जावा लागला. १९५१ मध्ये भारतीय फौजदारी संहिता हैदराबाद राज्याला लागू झाली तेव्हा ते नेकनूरच्या वेशीत आले. पुढे १९७३ च्या संहितेत ते १२५ वे कलम झाले, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याला १४४ हा क्रमांक मिळाला. क्रमांक तीनदा बदलला. तिन्ही वेळा वसुलीची रीत जवळपास तीच राहिली.

रकमेची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९७३ च्या कायद्यात दरमहा पाचशे रुपये ही कमाल मर्यादा होती, आणि महागाई तिच्या डोक्यावरून कितीही वाहून गेली तरी केंद्राने ती काढून टाकली २००१ साली. म्हणजे चिंचेखालच्या माझ्या पक्षकार बाईला मिळालेले साडेचारशे रुपये केवळ न्यायाधीशाच्या कृपणतेचे नव्हते, कायद्याच्याही होते. दरम्यान पोटगी कोणाला मिळावी यावर मोठी रणे माजली. १९८५ चा शाहबानो खटला, १९८६ चा मुस्लिम महिला कायदा, २००१ चा डॅनियल लतीफी निवाडा आणि १० जुलै २०२४ चा मोहम्मद अब्दुल समद निवाडा यांवर ग्रंथांचे ढीग पडले आहेत. त्या गदारोळात १९९७ च्या नूर सबा खातून निवाड्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९८६ च्या कायद्याने आईचे काय झाले असेल ते असो, मुसलमान बापाच्या लेकरांचा १२५ व्या कलमाखालील हक्क त्याने कमी झालेला नाही, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. नेकनूरसारख्या दोन्ही समाजांच्या गावात मला तो निवाडा इतर साऱ्यांहून अधिक कामी आला. लेकराच्या पोटाला मजहब नसतो हे पटवण्याचे काम एका छापील पानाने केले. ते माझ्या वक्तृत्वाने झाले नसते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला सामाजिक चळवळीचे तोंड फुटले ते न्यायालयाबाहेर. १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनाने टाकलेल्या स्त्रियांची परिषद भरवली, आणि ज्यांना गावोगाव 'सोडलेली', 'टाकलेली' म्हणत त्या बायका आपल्या तोंडाने बोलू लागल्या. अॅड. निशा शिवूरकर यांच्या 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' या पुस्तकात ती हकीकत वाचावी. १९९४ मध्ये राज्य शासनाने स्त्रियांना पोटगीच्या व तत्सम दाव्यांत न्यायालयीन शुल्क माफ केले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया व मुले यांना, उत्पन्न न विचारता, मोफत वकील मिळण्याची सोयही झाली. दाराशी जाण्याचा रस्ता असा हळूहळू रुंद झाला. दारातून बाहेर पडताना हातात काय असते, ही गोष्ट निराळी.

हुकूम मोडला तर आजही रीत अशी की बाईने पुन्हा अर्ज करावा. न्यायालयाने दंडाप्रमाणे वसुलीचे वॉरंट काढावे. ते निष्फळ झाले तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीपोटी नवऱ्याला एक महिन्यापर्यंत, किंवा तत्पूर्वी पैसे भरीपर्यंत, कैदेत टाकावे. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज झाला नाही तर त्या रकमेचे वॉरंटच निघत नाही. कैद भोगली म्हणजे देणे फिटले, अशी एक सोयीस्कर समजूत पुरुषमंडळींत होती. तुरुंग हा वसुलीचा मार्ग आहे, फेड नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर यांच्या खटल्यात बजावले. पण बजावण्याने तुरुंगातून पैसा निघत नाही. महिनाभर आत बसलेला गडी महिनाभर कमावत नाही, बाहेर येतो तो सूड घेऊन येतो, आणि त्याची म्हातारी आई सुनेच्या दारात येऊन शिव्याशाप देते.

पगारदाराची गोष्ट सोपी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमान्वये पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा फक्त एक तृतीयांश हिस्सा जप्तीपासून सुरक्षित राहतो, उरलेला धरता येतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या २० व्या कलमान्वये तर न्यायदंडाधिकारी मालकाला किंवा देणेदारालाच थेट बाईकडे पैसे भरायला फर्मावू शकतो. शिक्षक, शिपाई, एस. टी. चा वाहक यांच्याबाबत हे हत्यार चालते, आणि मी ते चालवलेही आहे. पण आमचा जिल्हा पगारदारांचा नाही.

आमचा जिल्हा कोयत्याचा आहे. दिवाळीच्या आगेमागे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल गाव सोडण्यापूर्वीच लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात आटलेली असते. आता समजा, अशा एका माणसाने बायको टाकली. तो राहिला अर्धा कोयता, ती राहिली अर्धा कोयता. पण उचल उचलली त्याने, अंगठा त्याचा, आणि पुढच्या हंगामापर्यंत तो मुकादमाचा ऋणको. न्यायदंडाधिकाऱ्याने थेट भरणा करण्याचा हुकूम द्यायचा कोणाला? कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, माझा व्यवहार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, तोच माझे देणे लागतो, मी त्याचे काय देणे लागतो! वकिलीच्या साऱ्या हयातीत या तिहेरी भिंतीपलीकडे मला एकदाही जाता आले नाही. लेखिकेने या प्रश्नाला पुस्तकात जी जागा दिली आहे ती पाहून मला समाधान वाटले, कारण मुंबई-पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयांवर नजर ठेवून लिहिलेल्या ग्रंथांत कोयता हा शब्दच नसतो.

आता परदेशांकडे वळू. अमेरिकेत संघराज्याने लेकरांच्या पोषणवसुलीची यंत्रणा १९७५ साली उभी केली; वसुली हे आईचे खाजगी काम नसून सरकारी काम आहे ही तिची मुख्य धारणा. मेन या छोट्या राज्याने १९९३ च्या सुमारास थकबाकीदार बापांना परवाने जप्त होण्याच्या नोटिसा धाडल्या, आणि बऱ्याच जणांनी नोटीस पाहताच पैसे भरले असा गाजावाजा झाला. १९९६ च्या कल्याणकारी योजनांच्या सुधारणा कायद्याने मग प्रत्येक राज्याला अशी व्यवस्था ठेवणे भाग पाडले. वाहनाचा परवाना, डॉक्टर-वकिलांपासून न्हाव्यापर्यंतचे व्यवसायाचे परवाने, इतकेच काय, शिकारीचे व मासेमारीचे हौशी परवानेसुद्धा त्या जाळ्यात आले. थकबाकी अडीच हजार डॉलरांवर गेली की पासपोर्ट नाकारला जातो. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत घटस्फोटानंतर हा प्रसंग कोणावर ओढवला तर तो घरात कुजबुजीने सांगितला जातो. इथल्या आईवडिलांना तर मुलगा दिवाळीला का येत नाही याचे खरे कारण कळतच नाही. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने १९९६ च्या कायद्याने वाहनपरवाना थांबवण्याचा अधिकार घेतला, तर इंग्लंडने २००० च्या कायद्याने तो अधिकार दिला खरा, पण न्यायदंडाधिकाऱ्याने समोर बसवून चौकशी केल्यावाचून वापरायचा नाही या अटीवर.

या विषयातील विचारप्रवाह स्थूलमानाने तीन दिशांनी वाहतात. एका पक्षाचे म्हणणे, परवाना ही सरकारने दिलेली सवलत आहे; जो सरकारच्या न्यायालयाचा हुकूम तुडवतो त्याने त्याच सरकारकडून सवलत मागू नये. दुसरा पक्ष दारिद्र्याकडे बोट दाखवतो: गाडी चालवूनच पोट भरणाऱ्याचा परवाना काढलात तर त्याची कमाई जाते, कमाई गेली की थकबाकी वाढते, आणि अखेर तो विनापरवाना गाडी हाकून नव्या गुन्ह्यात सापडतो. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत या टीकेला वजन आले आहे. २०११ च्या टर्नर खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने कैदेबाबत ऐपतीची खरी तपासणी झाली पाहिजे असे बजावल्यापासून सारी यंत्रणाच 'देत नाही' आणि 'देऊ शकत नाही' यांतला भेद शोधू लागली आहे. बहुतांश वसुली तर तेथेही पगारकपातीतूनच होते. तिसरा प्रवाह उत्तर युरोपाचा. स्वीडनने १९३७ मध्ये आणि जर्मनीने १९८० पासून अशी योजना केली की बाप देईना तर ठरावीक रक्कम सरकारने लेकराला आगाऊ द्यावी आणि मग सरकारने बापाच्या मागे लागावे. तिथे परवान्याचा प्रश्न दुय्यम ठरतो, कारण तगादा लावणारा हात आईचा नसतो.

मला स्वतःला हा तिसरा विचार पटतो, आणि तो पटण्याचे कारण स्वीडनमध्ये नसून आमच्या तहसील कचेरीत आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली पोटगी न मिळणाऱ्या, टाकलेल्या, घटस्फोटित बायकांना आज दरमहा १५०० रुपये मिळतात. म्हणजे नवऱ्याने जे द्यायचे ते, तुटपुंजे का होईना, सरकार देतेच आहे. पण देऊन झाल्यावर ते नवऱ्याच्या नावावर लिहीत नाही. स्वीडनच्या योजनेचा निम्मा भाग आपण नकळत उचलला आणि उरलेला निम्मा, वसुलीचा, सोडून दिला. शेतसाऱ्याची थकबाकी वसूल करण्याचे शास्त्र या देशात कोणाला येत असेल तर ते महसूलखात्याला. दंडाची वसुली जिल्हाधिकाऱ्यामार्फत त्या मार्गाने करवून घेण्याची मुभा फौजदारी संहितेत न्यायालयाला आधीच दिलेली आहे. तलाठ्याने सातबाऱ्याच्या इतर हक्कांत पोटगीचा बोजा चढवला तर काय होईल, याची कल्पना ज्याने बोजा असलेली जमीन विकू पाहिली आहे त्याला करता येईल.

परवान्याच्या प्रश्नावर आपल्या कायद्यात अगदीच काही नाही असे नव्हे. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या १० व्या कलमान्वये न्यायालयाचे समन्स किंवा वॉरंट निघालेल्याचा पासपोर्ट अडकवता येतो, आणि परदेशस्थ नवऱ्यांच्या प्रकरणांत त्याचा आधार घेतला जातो. अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले तेव्हा हाच हात अधिक लांब करण्याचा विचार होता. वाहनपरवान्याच्या बाबतीत मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १९ वे कलम दारुडेपणा, बेफाम हाकणे, गुन्ह्यात वाहन वापरणे अशा कारणांपुरतेच बोलते. पोटगीचा त्यात उल्लेख नाही, आणि उल्लेखावाचून कोणा अधिकाऱ्याने परवाना अडवला तर ते वरिष्ठ न्यायालयात टिकणार नाही.

पण परवाना म्हणजे केवळ वाहनाचा नव्हे, हे लेखिकेचे म्हणणे मला या पुस्तकातील सर्वांत मौलिक वाटते. बीडसारख्या जिल्ह्यात प्रतिष्ठा कशाने मिळते? खत-बियाण्यांच्या दुकानाचा परवाना, रास्त भावाचे दुकान, बाजार समितीतला आडतीचा परवाना, बांधकामखात्याकडे गुत्तेदार म्हणून नाव, आणि सर्वांवर ग्रामपंचायतीची खुर्ची. आता १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे १४ वे कलम पाहा. घरपट्टीचे बिल मिळून तीन महिन्यांत भरले नाही तर सदस्यत्व जाते. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले तर जाते. सहकारी संस्थेचा थकबाकीदार संचालक होऊ शकत नाही. उमेदवाराची मुले किती हे कायदा बोटांवर मोजतो. त्यांतली किती त्याने जेवू घातली, हे विचारत नाही! पंचायतीची दोनशे रुपयांची पट्टी चुकवणारा अपात्र ठरतो आणि लेकराची दोन वर्षांची खावटी बुडवणारा झेंडावंदनाला खुर्चीवर बसतो, हा प्रकार मी प्रत्यक्ष पाहिला आहे. कोणत्या गावी, ते सांगत नाही. थकबाकीमुळे अधिकार जावा ही कल्पना परकी म्हणणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे. कल्पना जुनीच आहे. सरकारने ती स्वतःच्या येण्यापुरती राखून ठेवली, इतकेच.

येथे एक मतभेद नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल. लेखिका ट्रॅक्टर-जीपचालकांचे परवानेही, हप्ते बांधून देण्याच्या अटीवर, तहकूब करावेत असे सुचवते. मी तेथे कचरतो. ज्या बिल्ल्यावरून मला ही कल्पना सुचली तोच बिल्ला काढून घ्यायला माझा हात धजत नाही, कारण दीडशे रुपये येणार होते ते त्याच बिल्ल्यातून. तिचे उत्तर असे: आजचा कायदा त्याच चालकाला महिनाभर तुरुंगात घालतो त्याला तुमची हरकत नाही, आणि परवाना महिनाभर पेटीत ठेवायला आहे? या युक्तिवादाला माझ्याजवळ पुरेसे उत्तर नाही. माझे म्हणणे एवढेच की आडत्याचा, गुत्तेदाराचा, सरपंचाचा क्रम आधी लागावा आणि चालकाचा सर्वांत शेवटी, तोही नूतनीकरणाच्या खिडकीवर, ऐपतीची तपासणी झाल्यावर. ती तपासणी कशी करावी याचा नमुना ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निवाड्याने घालून दिला आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ साली निघालेल्या प्रकरणातून आलेल्या या निवाड्याने दोन्ही पक्षांनी मिळकतीचे व देण्याघेण्याचे प्रतिज्ञापत्र दाखल करणे सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरवले. ते प्रतिज्ञापत्र परवाना देणाऱ्या खात्याकडे गेले तर अर्धे काम झाले. आज ते फायलीत शिवले जाते आणि उंदरांच्या स्वाधीन होते.

प्रस्तुत ग्रंथ हा वकिलांसाठी लिहिलेला मार्गदर्शक नाही, आणि कायद्याचा मसुदाही नाही. परवाना, पगार, जमीन, खुर्ची या चार दोऱ्यांनी माणूस सरकारला कसा बांधलेला असतो, आणि त्यांतली कोणती दोरी कोणत्या माणसाला खरोखर लागते, याचा शोध लेखिकेने आमच्या जिल्ह्यातील कोर्टांच्या ओट्यांवर बसून घेतला आहे. तिचा परदेशी कायद्यांचा अभ्यास सखोल आहे, पण त्याच्याने ती दिपून गेलेली नाही. काही ठिकाणी तिची भाषा तापते. तेथे मी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, तिने त्या पुसून टाकल्या, आणि तिने तसे केले ते बरे झाले. पुरुषांच्या बाजूच्या खऱ्या अडचणी, कर्ज, दुष्काळ, दुसऱ्या लग्नाची लेकरे, यांना तिने जागा दिली आहे; खोट्या अडचणींना, ज्यांत मिळकत भावाच्या नावे करून फकीर होणे ही सर्वांत लोकप्रिय, तिने जागा दिलेली नाही.

चिंचेखालच्या त्या बाईचे पुढे काय झाले, हे वाचक विचारील. वॉरंट आणखी दोनदा निघाले. मग ती आजारी पडली, वर्षे गेली, अर्ज करायचे राहून गेले. काही वर्षांनी तिची मुलगी, जिच्या वाट्याचे दीडशे रुपये त्या नकलेत लिहिले होते ती, तीच साखरेची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. बापाने एव्हाना दोन जिपा घेतल्या होत्या. मी हिशेब केला. थकबाकी सात वर्षांची होती. तिला सांगितले की बाई, एका वर्षाच्या मागची रक्कम या कलमाखाली वसूल होत नाही. ती जरा वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मंग मागली सहा वर्सं आमी जेवलोच न्हाई व्हय?" मी शेवटच्या बारा महिन्यांचा अर्ज लिहायला घेतला. तिच्या वाट्याची रक्कम भरली अठराशे रुपये. तिने अंगठा उमटवला नाही, सही केली.